टेंभरे सरांची वजावट

सही करण्याआधी कागदाची मागची बाजू वाचायची. कुरिअरवाला उन्हात उभा असला तरी त्याच्या पावतीवरची बारीक अक्षरं चष्मा पुसून वाचायची. लग्नाची पत्रिका आली की लाल पेनाने तिच्यातल्या चुका दुरुस्त करायच्या आणि मगच ती देवाजवळ ठेवायची. औषधं रोख घ्यायची आणि बिलाची चौपदरी घडी करून बिस्किटाच्या जुन्या डब्यात टाकायची. चहा बशीने प्यायचा, पण कोणी पाहत असलं तर कपाने. 'कसे आहात' असं कोणी विचारलं तर 'बरा आहे' म्हणण्याआधी क्षणभर खरोखर विचार करायचा. हिवाळ्यात संध्याकाळी दोन्ही हात पुढे धरून बसायचं. हातांवर लोकरीची लडी, समोर कमलाबाई तिचा गुंडा करतायत. अशा वेळी नाकाला खाज सुटली तरी सांगायचं नाही. नुसतं नाक हलवत बसायचं.

माणिक टेंभरे सर या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे झोपेतच गेले. आजारी नव्हते. आदल्या दिवशी त्यांनी पाण्याची टाकी भरली, तिळाच्या वड्या खाल्ल्या, गल्लीतल्या पोरांना मांज्यावरून रागावले. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात त्यांना ओळखणाऱ्यांना अजून ते पटत नाही. लोक त्यांच्याबद्दल बोलायला लागतात आणि मध्येच गप्प होतात. शेवटच्या महिन्यात जे उघड झालं ते काढावं की नाही, हे कोणाला ठरवता येत नाही.

झालं ते एवढंच. कुरिअरची पावती वाचणाऱ्या माणसाने एक कागद न वाचता पुढे जाऊ दिला.

सर मूळचे लांजीकडच्या खेड्यातले. घरी धानाची शेती, घरात मराठी, शाळेत हिंदी. ते गणित शिकवायचे. आधी उकव्याला खाणकामगारांच्या पोरांना, मग परसवाड्याला, शेवटी बालाघाटला. तिथूनच प्राचार्य म्हणून निवृत्त झाले. 'आधी प्रश्न वाचा' हे त्यांनी आयुष्यभर इतक्यांदा म्हटलं होतं, की सर बाजारात दिसले की पिकल्या मिशांचे दुकानदारसुद्धा तेच पुटपुटत आणि माप नीट टाकत. एक मुलगी, ती रायपूरला. घरी ते आणि बायको कमलाबाई, दोघंच.

निवृत्तीनंतर मोती तलावाच्या बागेतला एक बाक सरांचा वर्ग झाला. सकाळी फिरून झालं की पेन्शनर मंडळी तिथे टेकत. वीज खात्यातले हिरालाल, वनखात्यातून निवृत्त झालेले महागू, आणि लांजीहून दवाखान्याच्या कामाला आले की तेजराम, जे परसवाड्याला सरांबरोबर शिकवायचे. जून-जुलै आला की बाकावर एकच विषय निघे.

"सर, मायी एफडी हाय. व्याजावर टॅक्स लागन का?" हिरालाल विचारत.

"साठ झाले ना तुले?"

"सहासष्ट."

"मंग बँकेचं अन् पोस्टाचं व्याज मिळून पन्नास हजारांपर्यंत सूट. बचत खातं, एफडी, दोन्ही धरून."

"अन् दवाईचं?"

"विमा नसंल त दवाईचा खर्च दाखवता येते. थो खर्चबी पन्नास हजारांपर्यंत. पण रोख देल्ला त नाही चालत. मोबाइलनं द्या नाही त चेकनं."

"तुमी त रोखच देता, सर."

"म्हणून मले भेटत नाही."

सगळे हसत. सरही हसत. डब्यातल्या बिलांचा त्यांना उपयोग नव्हता, पण बिल टाकून द्यायला हात होत नव्हता.

"मोठी बिमारी असंल त?" हा प्रश्न महागूंचा.

"त्याची यादी ठरली हाय. कॅन्सर, किडनी, पार्किन्सन. साठीच्या वरच्याले एक लाखापर्यंत. तज्ज्ञ डॉक्टरचा कागद पाह्यजे. अन् खर्च खरंच झालेला पाह्यजे."

"म्हणजे बिमार पडलो त फायदा हाय," हिरालाल म्हणाले.

"पडून दाखव. मंग फॉर्म भरू."

शेवटी सर फळ्यावर रेघ मारल्यासारखा हात हलवून सांगत, "पण हे सारं जुन्या पद्धतीत. नव्या पद्धतीत दर कमी, पण ह्या सवलती नाहीत. दोन्ही मांडून पाहा. जे कमी थे भरा."

सर स्वतः दरवर्षी दोन्ही मांडून पाहत. दोन्हीत थोडा कर निघे. तो बँकेने आधीच कापलेला असे. थोडाफार परत येई, कधी येत नसे. त्यांची तक्रार नव्हती.

मागच्या जुलैत बसस्टँडजवळ हेमराजने त्यांना भर रस्त्यात वाकून नमस्कार केला. मागच्या रिक्षावाल्याला ब्रेक मारावा लागला. हेमराज सरांचा विद्यार्थी. गणितात दोनदा नापास झालेला. सरांनी त्याला घरी बोलावून फुकट शिकवलं होतं, कमलाबाईंनी पोहे खाऊ घातले होते. आता त्याचं ऑनलाइन सेंटर होतं. आधार, पॅन, रिटर्न, सगळं.

"सर, आप खुद फॉर्म भरते हो? मेरे रहते?" त्याने सरांना हाताला धरून आत नेलं. खुर्ची पुसली. चहा मागवला.

"फीस किती तुही?" सरांनी विचारलं.

"आपसे फीस लूँगा तो नरक में जाऊँगा, सर. बस, ओटीपी बताइए."

सरांनी मोबाइलवरचे आकडे वाचून दाखवले. शुद्धलेखन घालतात तसे, एकेक, थांबून. हेमराजची बोटं भराभरा चालत होती.

"पूरा वापस आ जाएगा, सर."

"पूरा?"

"सीनियर सिटीज़न का हक है, सर."

सरांच्या डोक्यात हिशोब तयार होता. आदल्याच रात्री त्यांनी तो वहीत मांडला होता. त्या हिशोबात पूर्ण परत येत नव्हतं. कुठूनही येत नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात चहा आला. हेमराजने कप दोन्ही हातांनी पुढे केला आणि शेजारी बसलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "ये हैं वो टेंभरे सर. इनके कारण मैं यहाँ बैठा हूँ." सरांनी चहा घेतला. काही नवा नियम आला असेल, असं त्यांनी मनाला सांगितलं. मनाने ते लगेच मान्य केलं. त्या कागदाची मागची बाजू त्यांनी पाहिली नाही. पुढचीही पाहिली नाही.

ऑगस्टमध्ये पैसे जमा झाले. सर गोंदियाला गेले आणि कमलाबाईंसाठी लोकर घेऊन आले. गडद जांभळी, मऊ, लड्यांमध्ये. अशी लोकर त्या दुकानात हात लावून पुन्हा ठेवून द्यायच्या.

"अवो, एवढी महागाची काहून आणली?"

"सरकारनं देल्ली."

"सरकारले मी लोकर मागतली होती का?" कमलाबाई हसल्या. "तुमच्यासाठीच विणतो स्वेटर. मले काय करायचं जांभळं."

बाकावर सरांनी पेढे वाटले. हेमराजचं नाव सांगितलं. "माया विद्यार्थी हाय," हे दोनदा सांगितलं. यंदा मुदत सप्टेंबरपर्यंत वाढली होती; त्या आठवड्यात हिरालाल हेमराजकडे गेले, महागू गेले. तेजरामांना सरांनी फोन करून बोलावून घेतलं.

डिसेंबरच्या मध्यावर मोबाइलवर निरोप आला. आयकर खात्याचा होता. तुमच्या रिटर्नमधल्या काही वजावटी बरोबर दिसत नाहीत. चूक असेल तर एकतीस डिसेंबरपर्यंत सुधारित रिटर्न भरा.

"फसवणुकीचा असंल," सर म्हणाले.

ते हे ईराला म्हणाले. ईरा शेजारच्या घरातली. वडील कलेक्टर कचेरीत, आजोबाही तिथेच होते. ती नागपूरहून मराठीत एम.ए. करून आली होती आणि रोज दुपारी पेपरातलं शब्दकोडं सोडवायला सरांकडे यायची. सरांना शब्द यायचे नाहीत, पण ते चौकोन मोजून ती चुकली हे सांगायचे.

"पाहून तर घेऊ, सर," ती म्हणाली आणि लॅपटॉप घेऊन आली.

अंगणात कमलाबाई खाटेवर बसून पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होत्या. आत दिवाणखान्यात सर चष्मा पुसून पडद्याजवळ वाकले. सवयीने मोठ्याने वाचायला लागले. पेन्शन, बरोबर. व्याज, बरोबर. व्याजावरची सूट, बरोबर. औषधोपचार, पन्नास हजार.

"पण मी तर रोख..." सर थांबले. पुढच्या ओळीवर आले. "गंभीर आजार. अवलंबून असलेली व्यक्ती, ज्येष्ठ नागरिक. आजाराचं नाव..."

ईराने ओळ पाहिली. कॅन्सर, असं लिहिलं होतं. रक्कम पूर्ण एक लाख.

सरांवर अवलंबून असलेली व्यक्ती जगात एकच होती. ती बाहेर शेंगा सोलत होती.

कमलाबाईंची धाकटी बहीण याच रोगाने गेली. नागपूरच्या दवाखान्यात शेवटपर्यंत कमलाबाई तिच्या उशाशी होत्या. तेव्हापासून त्या या रोगाचं नाव घेत नसत. 'तो रोग' म्हणत. टीव्हीवर तो शब्द आला की उठून आवाज बंद करत आणि थोडा वेळ तशाच उभ्या राहत. सरांना हे ईरापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांनी कमलाबाईंना भिंतीला डोकं टेकून रडताना पाहिलं होतं.

"काय पाह्यता दोघं जण? कोडं जमलं का?" बाहेरून आवाज आला.

"नाही अजून," सर म्हणाले. त्यांनी लॅपटॉपचं झाकण हळूच खाली केलं. पडद्यावरचं अंगणातून दिसणार होतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी सर हेमराजच्या सेंटरवर गेले. ते रागवायचं ठरवून गेले होते. रस्ताभर वाक्यं जुळवत गेले.

हेमराजने या वेळी वाकून नमस्कार केला नाही. गर्दी होती. "सर, सबका यही डाला है," तो हळू आवाजात म्हणाला. "वरना पूरा नहीं आता."

"मायी बायको धडधाकट हाय, हेमराज. तिनं तुले पोहे खाऊ घातले होते."

"किसी का नाम थोड़े लिखा है, सर. सिर्फ़ कॉलम है."

"अन् तू मले सांगतलं नाही?"

हेमराजने वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर उद्धटपणा नव्हता. तो खरंच गोंधळला होता. "सर, मुझे लगा आप समझ गए. आपने 'पूरा?' पूछा था न. फिर आप चुप हो गए. गणित तो आपने ही पढ़ाया है."

सर मागे वळले. जुळवलेली सगळी वाक्यं गेली. ते घरी आले आणि दुपारभर पंख्याकडे पाहत पडून राहिले. हिवाळा होता, पंखा बंद होता. हेमराज खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. तो खरं बोलला होता.

संध्याकाळी कमलाबाई लडी घेऊन आल्या. सरांनी हात पुढे केले. जांभळी लोकर मनगटांवर आली आणि त्यांनी हात मागे घेतले.

"काहून? हात दुखून राह्यले का?"

"हौ."

"मंग तेल लावतो."

त्यांनी तेल गरम करून आणलं. न दुखणारे हात कमलाबाईंनी बराच वेळ चोळले. सर खाली मान घालून बसले होते.

आता दोन कामं होती. ज्यांना ज्यांना हेमराजकडे पाठवलं, त्यांना एकतीसच्या आत जाऊन सांगायचं. आणि कमलाबाईंना सांगायचं. सरांनी सोपं आधी घेतलं. परीक्षेत ते पोरांना हेच सांगायचे, सोपं आधी सोडवा. सोपं वाटलं ते सोपं नव्हतं.

कमलाबाईंच्या ओळीसकट सरांनी सगळं सांगितलं, हिरालालांनी शांतपणे ऐकलं. त्यांचं रिटर्न मोबाइलवर उघडलं, तर त्यांच्या नावावर किडनीचा आजार लिहिला होता. त्यांचा हात आपोआप कमरेकडे गेला.

"म्हणजे पैसे परत भराचे. वरून व्याज."

"हौ. सुधारित भरलं त दंड वाचते."

"अन् हेमराजनं पाचवा हिस्सा घेतला थो?"

सरांना हे माहीत नव्हतं. "कोणता हिस्सा?"

"रिफंडातला. साऱ्यांकडून घेतला. तुमच्याकडून नाही घेतला?"

सर चष्मा काढून पुसायला लागले.

"घेतला नसंलच," हिरालाल म्हणाले. "तुमी गिऱ्हाइकं आणून देऊन राह्यले होते."

"थो हिस्सा मी देतो, हिरालाल."

"पैशाची गोष्ट नाही, सर. रोज बाकावर कोण सांगत होतं, खर्च खरंच झालेला पाह्यजे म्हणून? आमी अडाणी म्हणून गेलो का? तुमी सांगतलं म्हणून गेलो."

दाराशी हिरालालांची बायको फुलवंता उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. फुलवंता मनाने वाईट नव्हती, पण तिच्या तोंडात गोष्ट टिकत नसे, आणि हे तिलाही माहीत होतं.

"कमलाबाईले माहीत हाय का, त्यांच्या नावावर काय लिवलं थे?"

"नाही."

"जित्या बाईले असं लिवलं अन् तिले माहीत नाही?" तिने पदर तोंडाला लावला. "सांगून टाका, भाऊजी. संक्रांतीचं हळदीकुंकू हाय तुमच्याकडे. मी येनच हाय. माया तोंडून निंघालं त मले बोल लावू नका."

महागूंकडे जाताना सर वाटेत दोनदा थांबले. महागूंची बायको चार वर्षांपूर्वी वारली होती. त्यांना मूल नव्हतं. उघडून पाहिलं, तर त्यांच्या रिटर्नमध्येही तीच ओळ होती. अवलंबून असलेली व्यक्ती, कॅन्सर.

"मायावर अवलंबून कोण हाय आता, गुरुजी?" महागूंनी विचारलं. मग ते जरा वेळ अंगणातल्या पेरूकडे पाहत राहिले. "थेच असंल. दुसरी कोण."

"चूक झाली, महागू."

"म्हणजे सरकारच्या कागदावर ती अजून हाय?"

सरांनीही पेरूकडे पाहिलं.

"काढून टाकू ना आता?" महागू म्हणाले.

"काढाच लागते."

"काढा मंग." ते उठले आणि पेरू तोडून आणला. सरांच्या हातात दिला. सरांनी तो घरापर्यंत तसाच हातात धरून आणला.

लांजीला ते बसने गेले. तेजराम सगळं ऐकून हसायला लागले. "अरे माणिक, एवढ्यासाठी बसनं आलास? फोन केला असता त काय झालं असतं?" त्यांनी सरांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. ताटात दोनदा भात वाढला. बसस्टँडपर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "तू कोणाले फसवशीन, हे मी सपनातबी नाही मानत." परतीच्या बसमध्ये सर खिडकीकडे तोंड करून बसले. हिरालालांचं बोलणं त्यांना सोसलं होतं. तेजरामांचं सोसेना.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांचे सुधारित रिटर्न भरून झाले. ईराने लॅपटॉप चालवला, पण एकेक ओळ सरांनी वाचली. मोठ्याने. कमलाबाई देवळात गेल्या होत्या, म्हणून मोठ्याने. स्वतःच्या रिटर्नमधली ती ओळ पुसली गेली तेव्हा सरांनी ईराला पुन्हा मागे जायला लावलं. जागा खरंच रिकामी झाली का, ते पाहिलं. कर आणि व्याज भरलं. पावतीची दोन्ही पानं वाचली. मागचं कोरं होतं, तेही उलटून पाहिलं.

"झालं, सर," ईरा म्हणाली.

"कागदावरचं झालं."

"काकूंना सांगा आता. एवढं काही नाही त्यात. आता तर पुसलंही."

"पुसलं म्हणून लिहिलंच नव्हतं असं होते का?"

ईराने लॅपटॉप मिटला.

"तू सांगू नको बरं," सर म्हणाले. "माया तोंडानंच गेलं पाह्यजे. मले थोडा वेळ दे."

जानेवारी लागला. सर सांगायला बसत आणि दुसरंच बोलत. एकदा त्यांनी सुरुवात केली, "कमला, तुयी तब्येत कशी हाय?" कमलाबाई चकित झाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी असं विचारलं नव्हतं. "मले काय झालं? घोड्यासारखी हाव," त्या म्हणाल्या, आणि सरांना पुढचं वाक्य सापडेना. दुसऱ्या वेळी त्यांनी 'आपला हेमराज' एवढंच म्हटलं. "गुणाचा पोरगा," कमलाबाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी किती धावला थो."

सकाळचं फिरणं त्यांनी बंद केलं. बाकावर कोणी त्यांना ये म्हटलं नाही, कोणी येऊ नको म्हटलं नाही. हिरालाल एकदा दारावरून गेले, थांबले, "गार हाय आज," म्हणाले आणि गेले. सरांनी औषधाच्या दुकानात मोबाइलने पैसे देणं शिकून घेतलं. दुकानदार म्हणाला, "सर, अब आप भी?" सरांना वाटलं त्यालाही कळलंय. त्याला काहीच माहीत नव्हतं.

स्वेटर मात्र वाढत होता. पाठ झाली, पुढचा भाग झाला. कमलाबाई रोज संध्याकाळी तो सरांच्या पाठीला लावून पाहत आणि सर श्वास रोखून उभे राहत.

संक्रांतीच्या दुपारी घर स्वच्छ झालं होतं. हळदीकुंकवाचं ताट तयार होतं, वाणाच्या वाट्या मांडल्या होत्या. बायका चारनंतर येणार होत्या. फुलवंताही येणार होती. सर सकाळपासून घरात इकडून तिकडे फिरत होते. टाकी भरली, पुन्हा पाहून आले. शेवटी कमलाबाई हातातलं ठेवून खुर्चीवर टेकल्या, तेव्हा सर शेवटची लडी घेऊन आले आणि आपणहून समोर बसले.

"आज तुमीच आणली?" कमलाबाई म्हणाल्या.

"बाह्यांले लागन ना."

त्यांनी लडी हातांवर घेतली. ही जागा त्यांनी विचार करून निवडली होती. हात अडकलेले असले की उठून जाता येत नाही. तोंड फिरवता येत नाही. कमलाबाईंनी टोक शोधलं आणि गुंडाळायला सुरुवात केली. जांभळा धागा सरांच्या एका हातावरून सुटे, मग दुसऱ्यावरून. सर हात डावीकडे कलवत, उजवीकडे कलवत. गुंडा लिंबाएवढा झाला. मग संत्र्याएवढा.

"कमला."

"हं."

"ही लोकर हाय ना."

"हौ."

"ही ज्या पैशाची आणली..."

"सरकारच्या," कमलाबाई म्हणाल्या. "सांगतलं होतं ना तुमी."

"थे पैसे आपले नव्हते. थे मी परत केले."

कमलाबाईंचा हात थांबला. त्यांनी सरांकडे पाहिलं. "काहून? चूक झाली होती का?"

"हौ. मायी चूक."

"मंग भरले ना परत?"

"भरले."

"मंग झालं." त्या पुन्हा गुंडाळायला लागल्या. "एवढ्यासाठी महिनाभर तोंड पाडून फिरून राह्यले होते का? मले वाटलं, तुमाले काही रोग झाला अन् माह्यापासून लपवून राह्यले. मी त रोज देवाजवळ तेच मागून राह्यलो."

सरांचे हात कलायचे थांबले. धागा ताणला गेला.

"ढिला सोडा ना, तुटन," कमलाबाई म्हणाल्या.

"कमला, तेवढंच नाही. थे पैसे कशाचे म्हणून..."

फाटकाची कडी वाजली. बायकांचा आवाज आला, त्यात फुलवंताचा सगळ्यांत वर. "कमलाबाई, आलो बरं आमी!"

"आल्या या," कमलाबाई उठल्या. पदर सारखा केला. गुंडा सरांच्या मांडीवर ठेवला. "तुमी आत जा, बायकांत काय बसता. काय सांगत होते थे मंग सांगा."

"आताच सांगाचं होतं."

"आता? दारात बाया उभ्या हायेत." त्या हसल्या. "पळून नाही चाललो मी कुठं. राहू द्या थे तसंच. राह्यलेलं उद्या गुंडाळू."

सरांनी हातांवरची अर्धी लडी जपून उतरवली. गुंता होऊ नये म्हणून खुर्चीच्या पाठीवर टांगली. गुंडा खाली लोंबू नये म्हणून तो तिच्याच बैठकीवर ठेवला. दोन्हींमधला धागा नीट केला, आणि आतल्या खोलीत गेले.